लांबीची रुजवात

यंत्रांच्या अपघातांची कारणे शोधीत गेले असता पुष्कळदा एखादा तुटलेला दांडा किंवा गंजलेली पट्टी हाती लागते. परंतु आभासी यंत्रांच्या इतिहासात, म्हणजे एका संगणकाच्या पोटात केवळ प्रोग्रॅमच्या बळावर उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकांच्या इतिहासात, जे अनर्थ घडले किंवा घडता घडता टळले, त्यांच्या मुळाशी वारंवार एक आकडा सापडतो, आणि तो आकडा लांबीचा असतो. पाठविणाऱ्याने ‘इतके बाइट आहेत’ असे सांगितले, घेणाऱ्याने ते मानले, आणि आपल्याजवळील जागेत ते मावतात की नाही याची रुजवात न घेता लिहावयास आरंभ केला, एवढीच त्या चुकीची हकिकत. तिच्या दुरुस्तीचा जवळजवळ साठ वर्षांचा इतिहास येथे मांडावयाचा आहे, आणि तो मांडण्यामागे माझी एक ठाम धारणा आहे: परक्याने सांगितलेली लांबी हा दावा असतो, दाखला नव्हे, आणि या व्यवसायात ‘परका’ कोण, हे ओळखावयासच सर्वांत अधिक काळ लागला.

ड्रायव्हर म्हणजे संगणकाच्या कर्नलमधील, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातील, तो प्रोग्रॅम, की जो नेटवर्क कार्ड, डिस्क अथवा छपाईयंत्र यांच्याशी बोलतो; आणि बफर म्हणजे त्या दोघांच्या देवघेवीसाठी मेमरीत राखून ठेवलेली ठराविक मापाची जागा. धान्याच्या कोठारावरील कारकुनाने आलेल्या गाडीचे माप न घेता, सोबतच्या चिठ्ठीवरील आकड्याबरहुकूम पोती आत लोटीत जावे, आणि कोठी भरल्यावर शेजारच्या खोलीतील दप्तरावरच धान्याची रास पडावी, तसा हा प्रकार आहे. फरक इतकाच, की मेमरीतील शेजारच्या खोलीत जे दप्तर असते त्यात पुढील आज्ञा कोठून घ्यावयाची याचे पत्ते नोंदलेले असतात. ते पत्ते ज्याला बदलता आले, त्याच्या हाती सारा कारभार जाण्याचा धोका असतो.

खऱ्या उपकरणांच्या काळात हा विश्वास अगदीच अनाठायी नव्हता. कार्ड व ड्रायव्हर एकाच पेटीत, एकाच मालकाच्या ताब्यात असत. कार्डाने खोटी लांबी सांगितली तर ते कार्ड बिघडले असे समजून ते बदलीत. परंतु उपकरण हे जेव्हा स्वतःच एक प्रोग्रॅम झाले, आणि त्या प्रोग्रॅमच्या एका बाजूला एक मालक व दुसऱ्या बाजूला दुसरा मालक आला, तेव्हा जुनी वहिवाट नव्या सरहद्दीवर चालेनाशी झाली.

या सरहद्दीची पहिली आखणी अमेरिकेतील केंब्रिज येथे, आयबीएमच्या वैज्ञानिक केंद्रात, १९६० च्या दशकात झाली. सिस्टिम/३६० मॉडेल ६७ या यंत्रावर चालणाऱ्या सीपी-६७ या नियंत्रक प्रणालीने प्रत्येक वापरणाऱ्यास जणू स्वतंत्र संगणक बहाल केला. त्याचे कार्डवाचक, त्याचे छपाईयंत्र, त्याच्या डिस्कचा तुकडा, सारेच आभासी. त्या यंत्रांत उपकरणास दिलेली आज्ञा आठ बाइटांची असे: काय करावयाचे, मेमरीत कोठे करावयाचे, आणि सोळा बिटांच्या एका रकान्यात, किती बाइटांवर करावयाचे. पाहुण्या यंत्राने, म्हणजे आत चालणाऱ्या आभासी यंत्राने, अशी आज्ञांची मालिका तयार केली, की नियंत्रक प्रणाली ती जशीच्या तशी उपकरणाकडे न सोडता तिची प्रत स्वतःच्या ताब्यातील जागेत करून घेई, तीतील पत्ते आपल्या हिशेबाने बदली, आणि मगच ती प्रत पुढे धाडी. ही प्रत मुख्यतः पत्त्यांच्या सोयीसाठी केली जात असली, तरी तिच्यात एक फार मोलाचे तत्त्व अंतर्भूत होते: जे तपासावयाचे ते आधी परक्याच्या हातून काढून आपल्या हाती घ्यावे. या तत्त्वाचा विसर पडल्याने पुढे काय झाले, ते यथाक्रम येईलच.

१९७२ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली, आणि १९७६ मध्ये ॲटनासिओ, मार्कस्टीन व फिलिप्स या तिघांनी तिच्या अभेद्यतेची परीक्षा आयबीएमच्याच नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्यांचा निष्कर्ष असा होता, की सिद्ध करून दाखविलेला जवळजवळ प्रत्येक दोष कोणत्या ना कोणत्या प्रकारे आदान-प्रदानाशी, म्हणजे उपकरणांशी होणाऱ्या देवघेवीशी, निगडित होता. प्रोसेसरचे आभासीकरण तुलनेने निर्धोक, उपकरणांचे धोक्याचे, हे सूत्र अशा रीतीने १९७६ सालीच कागदावर आले होते. पुढील पिढीने ते वाचले असते तर पुष्कळ कष्ट वाचले असते, असे म्हणण्याचा मोह होतो. तथापि पुढील पिढीचे यंत्र वेगळे होते, हेतू वेगळा होता, आणि आरंभी तिला परका मनुष्य दिसतच नव्हता.

१९९९ मध्ये व्हीएमवेअरने वैयक्तिक संगणकावर आभासी यंत्र चालवून दाखविले. २००३ मध्ये फाब्रिस बेलार्ड या फ्रेंच प्रोग्रॅमरची क्यूएमू ही प्रणाली प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठातून झेन पुढे आली. २००७ च्या फेब्रुवारीत केव्हीएम ही आभासीकरणाची व्यवस्था लिनक्सच्या कर्नलमध्ये दाखल झाली. पाहुण्या यंत्रात चालणाऱ्या प्रणालीस आपण खऱ्या संगणकावरच आहोत असे वाटावे, म्हणून क्यूएमूने जुन्या, सर्वांच्या परिचयाच्या उपकरणांची हुबेहूब नक्कल केली: सिरसचे चित्रकार्ड, रिअलटेकचे व एएमडीचे नेटवर्क कार्ड, फ्लॉपी डिस्कचा नियंत्रक. ज्याने ही नक्कल लिहिली त्याच्या डोळ्यांसमोर आपल्याच टेबलावरील आपल्याच यंत्रात दुसरी प्रणाली चालवून पाहणारा अभ्यासू होता. पाहुणा व यजमान, म्हणजे ज्याच्या पोटात पाहुणे यंत्र चालते तो, हे दोघेही एकच. परंतु २००६ मध्ये ॲमेझॉनने झेनच्या आधारे आभासी यंत्रे तासाच्या भाड्याने देण्यास आरंभ केला, आणि एकाच पत्र्याच्या पेटीत एकमेकांस अनोळखी असे भाडेकरू नांदू लागले. २०१६ च्या जूनमध्ये त्याच कंपनीचा मुंबई विभाग सुरू झाला, तेव्हा हा भाडेव्यवहार आपल्याही दाराशी आला. घर तेच राहिले, भिंती त्याच राहिल्या. मात्र त्या भिंती एका कुटुंबासाठी बांधलेल्या होत्या, याची आठवण फार थोड्यांना उरली.

ती आठवण करून देणाऱ्यांत सुरक्षा-संशोधक टॅव्हिस ऑर्मंडी हे अग्रभागी होत. २००७ साली त्यांनी अनेक आभासी यंत्रप्रणालींच्या उपकरणांस यदृच्छया तयार केलेला, वेडावाकडा मजकूर पुरवून पाहिला, आणि त्यांच्यातील कितीतरी कोसळताना दाखविल्या; क्यूएमूच्या सिरस चित्रकार्डात तर चित्राचा तुकडा एका जागेहून दुसऱ्या जागी नेताना राखीव जागेच्या हद्दीबाहेर लिहिले जात होते. दोन वर्षांनी, २००९ मध्ये, कोस्त्या कोर्चिन्स्की यांनी व्हीएमवेअरच्या आभासी चित्रकार्डातील अशाच न तपासलेल्या आकड्यांच्या आधारे पाहुण्या यंत्रातून बाहेर पडून यजमानाच्या यंत्रात आज्ञा चालवून दाखविली. जे तोवर तर्काने संभवनीय मानले जात होते, त्याचा प्रयोग सर्वांसमक्ष झाला.

तथापि या जातीच्या दोषांची वार्ता सामान्य वृत्तपत्रांपर्यंत नेली ती २०१५ च्या १३ मे रोजी जाहीर झालेल्या ‘व्हेनम’ या दोषाने. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीचे जेसन गेफ्नर यांनी तो क्यूएमूच्या फ्लॉपी नियंत्रकात शोधून काढला. त्या नियंत्रकापाशी आज्ञा व तिच्या पुरवण्या साठविण्यासाठी ५१२ बाइटांचा एक बफर असे. आज्ञा पुरी झाली की त्यातील लेखनाचे स्थान पुन्हा शून्यावर आणावयाचे, असा शिरस्ता होता. परंतु दोन आज्ञांच्या बाबतीत तो शिरस्ता काही परिस्थितीत मोडत असे, आणि मग पाहुणा जितके बाइट लोटील तितके बफरच्या हद्दीपलीकडे लिहिले जात. हा दोष २००४ पासून, म्हणजे अकरा वर्षे, तेथे वसत होता. फ्लॉपी डिस्क व्यवहारातून कधीच लुप्त झाली होती. पण तिचा नियंत्रक क्यूएमूच्या बहुतेक आभासी यंत्रांत मुक्कामास होता, आणि डिस्क जोडलेली नसतानाही त्याच्या दारावर थाप मारता येत होती. दुरुस्ती थोड्या ओळींची होती: लेखनाचे स्थान वाढविल्यावर त्यास ५१२ ने भागून जी बाकी उरेल तीच जागा वापरावी. आज्ञेचा शिरस्ता मोडो वा न मोडो, हद्द मोडणार नाही. जेथे चूक झाली ते स्थळ शोधून तेवढेच बुजविण्याऐवजी प्रत्येक लेखनापाशी पहारा बसविणारी ही दुरुस्ती मला आदर्श वाटते, कारण उद्या तिसऱ्या आज्ञेने शिरस्ता मोडला तरी तो पहारा तेथेच असेल.

त्याच वर्षी एएमडीच्या पीसीनेट कार्डाच्या नकलेत जे घडले, ते या कारागिरीतील सूक्ष्म अडचणींचे उत्तम उदाहरण होय. त्या कार्डात पाठवावयाच्या पुडक्याचा एकेक तुकडा अधिकात अधिक ४०९६ बाइटांचा असू शकत असे, आणि ते तुकडे जोडण्याचा बफरही नेमका ४०९६ बाइटांचाच होता. प्रत्येक तुकडा आपापल्या परीने नियमात असे. त्यांची बेरीज कोणी पाहिली नव्हती. जून २०१५ मध्ये बेरजेची तपासणी घालून तो दोष दूर झाला. परंतु नोव्हेंबरच्या अखेरीस असे उघडकीस आले, की पाठविलेले पुडके स्वतःकडेच परत घेण्याच्या रीतीत पुडक्याच्या शेवटी पडताळ्याचे चार बाइट जोडले जातात, आणि पुडके नेमके ४०९६ बाइटांचे असेल तर ते चार बाइट हद्दीबाहेर पडतात. त्या हद्दीला लागूनच, दुर्दैवाने, एका महत्त्वाच्या पत्त्याची जागा होती. पाहुण्याने सांगितलेली लांबी तपासली गेली. यजमानाने स्वतः तीत घातलेली भर मात्र तपासावयाची राहिली.

रिअलटेक कार्डाच्या नकलेतील दोष याच्या उलट दिशेचा होता. पुडक्याच्या शीर्षात एकूण लांबी नोंदलेली असते, आणि तीतून शीर्षाची लांबी वजा केली की मजकुराची लांबी मिळते. एकूण लांबीचा आकडा शीर्षाच्या लांबीहून लहान घातला तर वजाबाकी शून्याखाली जावयाची. पण ती बाकी ज्या सोळा बिटांच्या चिन्हरहित रकान्यात ठेवली होती तेथे शून्याखाली काही नसतेच, आणि लहानशी तूट पासष्ट हजारांच्या घरातील रक्कम होऊन बसे. परिणामी यजमानाच्या मेमरीतील परका मजकूर नेटवर्कवरून बाहेर वाहू लागे. एका दोषाने गुपिते वाचावीत व दुसऱ्याने पत्ते बदलावेत, अशी रिअलटेक व पीसीनेट यांची जोडी जुळवून पाहुण्या यंत्रातून बाहेर पडण्याचा मार्ग २०१७ मध्ये दोन संशोधकांनी तपशीलवार प्रसिद्ध केला. सुटे सुटे किरकोळ वाटणारे दोष एकत्र आले म्हणजे किरकोळ राहत नाहीत.

२०१५ च्याच डिसेंबरात झेनच्या १५५ व्या सुरक्षा-सूचनेने मी वर उल्लेखिलेल्या प्रतीच्या तत्त्वाची किंमत सर्वांस पटवून दिली. झेनमध्ये ड्रायव्हरचे दोन भाग असतात: एक पाहुण्याच्या बाजूस, एक यजमानाच्या; आणि दोघे एका सामाईक मेमरीतील वर्तुळाकार यादीतून अर्ज व जबाब यांची देवघेव करतात. यजमानाकडील भाग लांबी तपासत होता, यात शंका नाही. पण तपासताना तो ती सामाईक मेमरीतून एकदा वाची, आणि वापरताना कदाचित पुन्हा एकदा. या दोन वाचनांमधील क्षणार्धात पाहुण्याने आकडा बदलला, तर तपासलेला आकडा एक व वापरलेला दुसराच. फेलिक्स विल्हेल्म यांनी दाखविलेली विशेष गोष्ट अशी, की प्रोग्रॅमरने एकदाच वाचले असे मूळ मजकुरात दिसत असूनही, वेग साधण्यासाठी कंपायलर, म्हणजे त्या मजकुराचे यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, त्याची दोन वाचने करू शकत असे. उपाय म्हणून अर्जाची संपूर्ण प्रत आधी आपल्या मेमरीत करावयाची आणि नंतरच तिला हात लावावयाचा, असा नियम घालून देण्यात आला. सीपी-६७ ची नियंत्रक प्रणाली पत्ते बदलण्याच्या गरजेपोटी जे करीत होती, ते जवळजवळ अर्ध्या शतकानंतर सुरक्षिततेच्या नियमाच्या रूपाने परत आले.

आणखी दोन प्रकरणे सांगावयास हवीत, कारण ती तपासणीविषयीच्या दोन भाबड्या समजुती दूर करतात. पहिली समजूत ही, की धोका फक्त अतिमोठ्या लांबीत असतो. २०१९ च्या सप्टेंबरात टेन्सेंटच्या पीटर पाय यांनी लिनक्सच्या व्होस्ट-नेट या भागातील जो दोष जाहीर केला, त्याचे मूळ शून्य लांबीत होते. चालू यंत्र एका संगणकावरून दुसऱ्यावर हलविताना कोणकोणत्या बफरांत लिहिले याची नोंद ठेवावी लागते. नोंदींची संख्या बफरांच्या संख्येहून अधिक होणारच नाही, असे गृहीत होते. परंतु पाहुण्याने शून्य लांबीचा बफर नोंदविला की बफरांचा हिशेब जागच्या जागी राही आणि नोंदींचा मात्र एकाने पुढे जाई. असे पुष्कळ शून्य बफर रचले की नोंदवही आपल्या हद्दीबाहेर जात असे. हा दोष २०१० पासून तेथे होता.

दुसरी समजूत ही, की तपासणी असली म्हणजे पुरे. २०२० च्या ऑगस्टमध्ये क्यूएमूच्या यूएसबी भागात असे आढळले, की पाहुण्याने कळविलेली लांबी ४०९६ बाइटांच्या बफरशी ताडून पाहण्याची ओळ व्यवस्थित लिहिलेली आहे; मात्र तो आकडा आधी उपकरणाच्या कायम दप्तरात लिहिला जातो, मग तपासला जातो, आणि बेकायदा ठरल्यास अर्ज फेटाळला जातो; दप्तरातील खोटा आकडा तसाच राहतो. पुढे येणारा दुसरा अर्ज त्याच आकड्यावर विसंबून हद्द ओलांडतो. आकडा आधी तात्पुरत्या जागी ठेवावा, तपासावा, आणि मंजूर झाल्यावरच दप्तरात दाखल करावा, हीच येथील दुरुस्ती. कोणत्याही सुव्यवस्थित कचेरीत हाच क्रम असतो, आणि तो असण्याचे कारणही हेच असते.

येथवर पाहुणा हा संशयित व यजमान हा विश्वासार्ह, अशी वाटणी होती. ती उलटी करणारा अध्याय व्हर्टिओच्या नावे आहे. खऱ्या उपकरणांची नक्कल करीत बसण्याऐवजी आभासी यंत्रासाठीच एक साधी, समान बोली ठरवावी, या हेतूने ऑस्ट्रेलियातील रस्टी रसेल यांनी व्हर्टिओची रचना केली, आणि २००८ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या लिनक्स २.६.२४ मध्ये ती समाविष्ट झाली. तीत पाहुण्याचा ड्रायव्हर बफराचा पत्ता व लांबी नोंदवितो. यजमानाचे उपकरण काम झाल्यावर बफराचा क्रमांक परत देते आणि त्यासोबत बत्तीस बिटांच्या रकान्यात आपण किती बाइट लिहिले तो आकडा कळविते. हा दुसरा आकडा ड्रायव्हर बहुधा मुकाट्याने मान्य करीत असत, कारण यजमानाला पाहुण्याची मेमरी मुळातच मोकळी होती. ज्याच्या हाती घराची किल्ली, त्याच्या चिठ्ठीची शंका घेऊन काय साधणार?

एएमडीने २०१६-१७ च्या सुमारास पाहुण्याची मेमरी यजमानापासूनही गुप्त राखणारी एसईव्ही ही व्यवस्था आणली, इंटेलचीही तशीच व्यवस्था पुढे आली, आणि किल्ली यजमानाच्या हातून गेली. २०२१ मध्ये लिनक्स ५.१५ ने साध्या प्रोग्रॅमलाही व्हर्टिओ उपकरण होऊन बसण्याची मुभा दिली, तेव्हा उपकरणाचा शब्द हाही एका परक्याचा शब्द झाला. त्याच वर्षी व्हर्टिओ-कन्सोलच्या ड्रायव्हरात, उपकरणाने सांगितलेली लांबी व बफराची खरी लांबी यांतील जी लहान असेल ती घ्यावी, अशी एक ओळ घालण्यात आली. त्या दोषास सुरक्षा-दोषांच्या सार्वजनिक यादीत क्रमांक मिळाला आणि लगोलग वादही उभा राहिला: यजमानच विपरीत वागला तरच जो दोष घडेल त्यास दोष म्हणावे काय? सरहद्द कोठे आहे याविषयी एकमत नसेल, तर चूक कोणास म्हणावे याविषयीही ते असू शकत नाही, हे त्या वादाने स्पष्ट केले.

प्रत्येक ड्रायव्हराने वेगवेगळी तपासणी करण्याऐवजी ती व्हर्टिओच्या गाभ्यातच एकदा घालावी, हा विचार साहजिकच पुढे आला, आणि लिनक्स ५.१६ च्या तयारीत, २०२१ च्या शरदात, तशी दुरुस्ती स्वीकारलीही गेली. नोव्हेंबर संपण्यापूर्वी ती मागे घ्यावी लागली. कारण असे, की जुन्या काळी पुष्कळ ड्रायव्हर हा लांबीचा आकडा पाहतच नसत. कोणी पाहत नाही म्हणून पुष्कळ उपकरणे तो चुकीचा लिहीत. आणि आता गाभ्याने तो तपासावयास घेताच, वर्षानुवर्षे सुरळीत चाललेली प्रामाणिक उपकरणे अपराधी ठरून बंद पडू लागली. ओएसिस संस्थेने प्रसिद्ध केलेल्या व्हर्टिओच्या प्रमाणग्रंथातही या जुन्या अव्यवस्थेची कबुली आहे, आणि जुन्या रीतीच्या उपकरणांबाबत हा आकडा शक्यतो दुर्लक्षावा असा सल्ला आहे. त्यामुळे काम पुन्हा ड्रायव्हरागणिक चालू राहिले. २०२५ मध्येदेखील व्हर्टिओच्या नेटवर्क ड्रायव्हरातील एका वाटेवर, आलेली लांबी राखलेल्या जागेहून अधिक नाही याची खातरजमा करणारी दुरुस्ती दाखल झाली.

ही माघार मला या इतिहासातील सर्वांत बोधप्रद घटना वाटते. जो आकडा कोणी तपासत नाही तो कालांतराने खरा राहत नाही, आणि एकदा तो खोटा झाला की नंतर त्याची तपासणी आरंभणे हे नव्या अन्यायासारखे भासते. यास्तव रुजवात पहिल्या दिवसापासून हवी. रस्टसारख्या प्रोग्रॅमिंगच्या भाषा आज हद्दीबाहेरचे वाचन-लेखन मुळातच रोखतात, आणि यदृच्छया मजकूर पुरवून दोष हुडकणारी साधने क्यूएमूच्या व लिनक्सच्या घरातच नांदत आहेत. हे दोन्ही उपाय फार मोलाचे आहेत. तरीही बफरात मावणारी, परंतु प्रत्यक्ष लिहिलेल्याहून अधिक सांगितलेली लांबी कोणतीही भाषा ओळखू शकत नाही. तशा लांबीवर विसंबून बफरातील मागील व्यवहाराचा शिळा मजकूर नव्या अर्जदाराच्या हाती पडू शकतो. म्हणून घेण्यापूर्वी बफर पुसून ठेवावा, आकडा एकदाच वाचून आपल्या ताब्यात घ्यावा, बेरीज-वजाबाकीच्या दोन्ही टोकांस व शून्यास जपावे, आणि मंजुरीपूर्वी काहीही दप्तरात लिहू नये, हे नियम माणसानेच पाळावयाचे आहेत. या दुरुस्त्या बहुधा एक-दोन ओळींच्या असतात, त्यांना कोणी स्मारके उभारीत नाही. पण ज्या पेढ्यांचे, रुग्णालयांचे व सरकारी कचेऱ्यांचे दप्तर आज भाड्याच्या आभासी यंत्रांत ठेवलेले आहे, त्यांचे एकमेकांपासूनचे संरक्षण अखेर याच ओळींवर अवलंबून आहे, आणि त्या लिहिणाऱ्यांचे ऋण आपण उघडपणे मान्य केले पाहिजे.